अंटार्क्टिकाचा ओझोन कोणी खाल्ला? १९८५ ते १९८७ च्या तपासाची पूर्ण केस

बीएस्सीच्या पेपरात दरवर्षी एक वाक्य हमखास येतं, "ओझोनला भोक पडल्यामुळे पृथ्वीचं तापमान वाढतं". मार्क कापावे लागतात, पण त्याहून जास्त वाईट वाटतं ते याचं की ओझोनच्या भोकाची खरी गोष्ट पोरांपर्यंत पोचतच नाही. ती गोष्ट एका तपासाची आहे. गुन्हा झालाय हे दिसतंय, संशयित तीन आहेत, आणि पुरावा आहे अशा ठिकाणी जिथे हिवाळ्यात विमान उतरवणंच मुश्कील. म्हणून ही केस नीट लिहून काढतोय, कुठे कोणी काय ठरवलं आणि का ठरवलं यावर जास्त भर देऊन.

पार्श्वभूमी

हॅली हे ब्रिटिश स्टेशन अंटार्क्टिकाच्या काठावर, तरंगत्या बर्फाच्या जाड थरावर उभं आहे. तिथे १९५६ पासून एक काम चालू होतं, डॉब्सन यंत्र सूर्याकडे लावायचं, अतिनील प्रकाशाच्या दोन तरंगलांबी निवडायच्या, एक ओझोन भरपूर शोषतो अशी आणि एक कमी शोषतो अशी, आणि दोन्हींच्या तेजातला फरक बघून डोक्यावरच्या हवेत एकूण किती ओझोन आहे ते काढायचं. उत्तर डॉब्सन युनिटमध्ये येतं. ३०० डॉब्सन युनिट म्हणजे वरचा सगळा ओझोन खाली आणून जमिनीवरच्या दाबाला, शून्य डिग्रीला पसरला तर थर होईल फक्त ३ मिलिमीटरचा, एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांएवढा. अतिनील किरणांपासून आपल्याला वाचवणारं पांघरूण इतकंच आहे.

दुसरी बाजू प्रयोगशाळेतली. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिलं की फ्रीज, एसी आणि स्प्रेच्या डब्यांतले सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन, क्लोरीन असलेले) वायू खाली कशाशीच रिअ‍ॅक्शन करत नाहीत, म्हणून ते वर्षानुवर्षं टिकून हळूहळू स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातल्या स्थितांबरात जातात, तिथे अतिनील किरणांनी फुटतात आणि सुटलेला क्लोरीन ओझोन खातो. पण त्यांच्या हिशोबाने हे व्हायला हवं होतं ४० किलोमीटरच्या आसपास, अगदी सावकाश, काही दशकांत काही टक्के. अंटार्क्टिकाचं नावही त्यात खास नव्हतं.

प्रॉब्लेम काय उभा राहिला

हॅलीच्या कागदांवर आकड्यांचा ढीग साचलेला. केंब्रिजच्या ऑफिसात जोनाथन शँकलिन हे आकडे कॉम्प्युटरवर चढवायला बसले. लोकांना दाखवायला म्हणून त्यांना सिद्ध करायचं होतं की ओझोन होता तिथेच आहे, काळजीचं कारण नाही. आकडे उलटंच सांगायला लागले. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये, म्हणजे तिथल्या वसंतात, ओझोन खाली जातोय आणि दरवर्षी आधीच्या वर्षापेक्षा जास्त खाली. सुरुवातीच्या वर्षांत ऑक्टोबरची सरासरी ३०० च्या घरात, आणि १९८४ मध्ये २०० च्याही खाली.

इथे पहिला निर्णय आला, लगेच छापायचं की थांबायचं? टीमचे प्रमुख जो फार्मन थांबले. यंत्र जुनं होतं, म्हणून दुसरं यंत्र लावून बघितलं, घट तीच. मग शंका अशी की हॅलीपुरतंच काहीतरी असेल, म्हणून उत्तरेकडच्या आर्जेंटाइन आयलंड्सवरच्या स्टेशनचे आकडे बघितले, तिथेही घट, थोडी कमी पण आहेच. तेव्हा कुठे १९८४ च्या डिसेंबरात पेपर पाठवला आणि तो नेचर या विज्ञान नियतकालिकात मे १९८५ ला आला, फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या तीन नावांनी.

आता सगळ्यांचा प्रश्न एकच, वरून सॅटेलाइट फिरतोय, त्याला दिसलं कसं नाही? नासाचा निंबस-७ १९७८ पासून ओझोन मोजत होता. "कॉम्प्युटरने कमी आकडे फेकून दिले" ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, मी स्वतः कितीतरी वर्षं वर्गात तशीच सांगायचो, पण ती बरोबर नाही. १८० च्या खालच्या रीडिंगवर प्रोग्रॅम शंकेची खूण लावायचा, डेटा तसाच राहायचा. १९८३ च्या ऑक्टोबरच्या डेटात अशा खुणांचा पाऊस दिसला तेव्हा नासाच्या लोकांनी ताडून बघायला दक्षिण ध्रुवावरच्या स्टेशनचे आकडे काढले, तर तिथलं डॉब्सन दाखवतंय ३०० च्या आसपास! साहजिकच वाटलं की आपलाच सेन्सर बिघडला. नंतर कळलं की चूक जमिनीवरच्या यंत्राची होती, तरंगलांबीची सेटिंग चुकलेली. पवन भारतीया आणि डोनाल्ड हीथ यांनी खोदून काढलं आणि १९८५ च्या ऑगस्टमध्ये प्रागच्या परिषदेत सॅटेलाइटचा नकाशा दाखवला. हॅलीचा एक ठिपका होता, नकाशात पूर्ण अंटार्क्टिकाएवढा खड्डा दिसला.

म्हणजे गुन्हा पक्का. पण केला कोणी? क्लोरीनवर सरळ बोट ठेवता येईना, कारण खड्डा होता १२ ते २० किलोमीटरच्या पट्ट्यात, ४० ला नाही. मोलिना-रोलंडच्या रिअ‍ॅक्शनच्या साखळीला मोकळा ऑक्सिजन अणू लागतो, आणि इतक्या खाली, इतक्या तिरप्या उन्हात ते अणू जवळजवळ नसतातच. शिवाय त्या उंचीवरचा क्लोरीन बहुतेक सगळा दोन तिजोऱ्यांत बंद असतो, एक हायड्रोजन क्लोराईड आणि दुसरी क्लोरीन नायट्रेट. दोन्ही ओझोनला हात लावत नाहीत. मग चोरी झाली कशी?

समोरचे पर्याय

१९८६ मध्ये तीन स्पष्टीकरणं मैदानात होती आणि तिन्हींच्या मागे जाणती माणसं होती, हे विसरायला नको.

एक, वारा. म्हणजे ओझोन नष्ट होतच नाहीये, वसंतात खालची कमी ओझोनची हवा वर ढकलली जातेय आणि वरची बाजूला सरकतेय. दोन, सूर्य. १९८० च्या सुमारास सूर्याची क्रियाशीलता कमाल होती, त्यामुळे वरती नायट्रोजनची ऑक्साईड्स जास्त तयार झाली, ती ध्रुवीय रात्रीत खाली उतरली आणि त्यांनी ओझोन खाल्ला, म्हणजे काही वर्षांत आपोआप भरून येईल. तीन, क्लोरीन, पण नव्या वाटेने. सुझन सॉलोमन, रोलांडो गार्सिया, रोलंड आणि वुएबल्स यांनी सुचवलं की हिवाळ्यात तिथे जे ढग तयार होतात त्यांच्या पृष्ठभागावर दोन तिजोऱ्या एकमेकींना फोडतात. आणि मॅकेलरॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रोमीनला, म्हणजे क्लोरीनच्याच कुटुंबातल्या मूलद्रव्याला, आत ओढलं, ब्रोमीन आणि क्लोरीनची ऑक्साईड्स मिळून ओझोन खाऊ शकतात आणि तिथे मोकळ्या ऑक्सिजन अणूची गरज लागत नाही.

ढगांबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण सगळी गंमत तिथे आहे. अंटार्क्टिकावर हिवाळ्यात वाऱ्याचा एक प्रचंड भोवरा तयार होतो आणि आतली हवा बाहेरच्या हवेपासून तुटते. महिनोन् महिने ऊन नाही, तापमान उणे ७८ च्या खाली जातं आणि नायट्रिक अ‍ॅसिड आणि पाणी मिळून कण धरतात, अजून खाली, उणे ८५ च्या आसपास, सरळ बर्फाचे कण. शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे रंग चमकवणारे ढग ते हेच. या कणावर हायड्रोजन क्लोराईड चिकटून बसतं, वरून क्लोरीन नायट्रेट येऊन आदळतं, क्लोरीनचा रेणू सुटतो आणि नायट्रिक अ‍ॅसिड कणातच अडकून राहतं. अंधारात क्लोरीन नुसता बसून राहतो, काही करत नाही. ऑगस्ट संपता संपता पहिलं ऊन पडलं की तो फुटतो. आणि दुसरं म्हणजे मोठे कण जड होऊन खाली पडतात, नायट्रिक अ‍ॅसिड घेऊन, त्यामुळे क्लोरीनला परत तिजोरीत घालणारा नायट्रोजन डायऑक्साईडच तिथे उरत नाही. कुलूप फुटलं आणि कुलूप लावणाराही घरात नाही, अशी अवस्था.

या तपासातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की नुसता वाद घालत न बसता प्रत्येक स्पष्टीकरण हवेत कोणता ठसा सोडेल हे जाण्याआधी मांडता येत होतं. वारा दोषी असेल तर खालची हवा वर आलेली दिसेल, म्हणजे नायट्रस ऑक्साईडसारखे जमिनीकडून येणारे वायू तिथे जास्त सापडतील. सूर्य दोषी असेल तर नायट्रोजन डायऑक्साईड भरपूर हवा. क्लोरीन दोषी असेल तर नायट्रोजन डायऑक्साईड अगदी कमी, हायड्रोजन क्लोराईड कमी, आणि क्लोरीन मोनॉक्साईड, म्हणजे क्लोरीनने ओझोन खाल्ल्यावर तयार होणारा वायू, नेहमीच्या कितीतरी पट. तिघांची उत्तरं एकमेकांच्या विरोधात जातात, त्यामुळे एकदा मोजलं की कोणीतरी नक्की बाद होणार.

काय केलं: मॅकमर्डो, १९८६

घाई होती. पुढच्या वसंताची वाट बघत नीट तयारी करायची की आहे ती यंत्रं उचलून याच वर्षी जायचं, यातला दुसरा मार्ग निवडला. १९८६ च्या ऑगस्टमध्ये चार टीम अमेरिकेच्या मॅकमर्डो स्टेशनवर पोचल्या, प्रमुख सुझन सॉलोमन, वय ३०. ऑगस्टच का, तर ऊन परत येताना काय बदलतं तेच बघायचं होतं, ऑक्टोबरात गेलं तर फक्त रिकामं घर दिसलं असतं.

सॉलोमनच्या टीमचं यंत्र दृश्य प्रकाशाचा स्पेक्ट्रम घेणारं. त्यांना हवा होता क्लोरीन डायऑक्साईड, कारण तो क्लोरीन मोनॉक्साईड आणि ब्रोमीन मोनॉक्साईड भेटले की तयार होतो, म्हणजे तो दिसला की दोघंही मोकळे सुटलेत याची खूण. पण उन्हात तो पटकन फुटतो, साठतो फक्त रात्री. मग रात्री प्रकाश कुठून आणायचा? चंद्राचा. छतावर आरसे लावून चंद्रप्रकाश खाली यंत्रात सोडायचा, आणि चंद्र सरकला की माणसाने त्या थंडीत छतावर जाऊन आरसा परत वळवायचा. ज्या वायूने जगभरातल्या सीएफसी कारखान्यांचं भवितव्य ठरणार होतं तो अशा चंद्रप्रकाशात सापडला, आणि साध्या वायुरूप केमिस्ट्रीच्या हिशोबापेक्षा कितीतरी जास्त. न्यूयॉर्कच्या स्टोनी ब्रूकच्या टीमने मायक्रोवेव्हने क्लोरीन मोनॉक्साईड मोजला, तोही जास्त. नायट्रोजन डायऑक्साईड अगदी कमी, म्हणजे सूर्याची केस तिथेच संपल्यात जमा. वायोमिंगच्या टीमच्या बलूननी दाखवलं की ओझोन गेलाय तो १२ ते २० किलोमीटरमध्येच.

आता दुसरा मोठा निर्णय, आणि हा मला थोडा खटकतो. ऑक्टोबरमध्ये मॅकमर्डोहून रेडिओ-टेलिफोनवरून पत्रकार परिषद घेतली आणि सॉलोमननी सांगितलं की भोकाच्या मुळाशी रासायनिक क्रिया आहे असं आम्हाला वाटतं. वाऱ्याच्या बाजूचे शास्त्रज्ञ चिडले, आमचं स्पष्टीकरण तपासणारं काही तुम्ही मोजलंय का असा त्यांचा सवाल. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. मॅकमर्डोच्या यंत्रांनी सूर्याला बाद केलं होतं, क्लोरीनचा हात दाखवला होता, पण "गुन्ह्याच्या वेळी, गुन्ह्याच्या जागी" क्लोरीन होता का हे जमिनीवरून पक्कं सांगता येत नव्हतं.

काय केलं: पुंता अरेनास, १९८७

म्हणून पुढच्या वर्षी थेट भोकातच जायचं ठरलं. चिलीच्या अगदी दक्षिण टोकाचं पुंता अरेनास, दोन विमानं, साधारण दीडशे लोक. एक डीसी-८, मोठं, लांब पल्ल्याचं. दुसरं ईआर-२, म्हणजे यू-२ या हेरगिरीच्या विमानाचं संशोधनासाठीचं भावंड, १८ किलोमीटरवर उडणारं, एक इंजिन आणि एकच पायलट. खाली गोठलेला समुद्र, इंजिन बंद पडलं तर सुटकेची आशा फार कमी. माणूस पाठवायचा की नाही हा नुसता कागदावरचा प्रश्न नव्हता. तरी पर्याय नव्हता, क्लोरीन आणि ओझोन एकाच हवेत, एकाच क्षणी मोजायचे तर यंत्र तिथेच न्यायला हवं.

हार्वर्डच्या जेम्स अँडरसन यांनी क्लोरीन मोनॉक्साईड मोजायचं यंत्र पंखाखालच्या पॉडमध्ये बसवलं. नळीतून हवा वेगाने वाहते, त्यात नायट्रिक ऑक्साईड सोडला की क्लोरीन मोनॉक्साईडचा क्लोरीन अणू होतो, आणि त्या अणूवर योग्य तरंगलांबीचा प्रकाश टाकला की तो चमकतो. चमक मोजायची, बस. ओझोनचं यंत्र त्याच विमानात.

२३ ऑगस्टच्या उड्डाणात विमान भोवऱ्याच्या आत शिरलं आणि क्लोरीन मोनॉक्साईड एकदम चढला. पण ओझोन अजून जवळजवळ तसाच. हा आकडा माझ्या दृष्टीने नंतरच्या प्रसिद्ध ग्राफइतकाच महत्त्वाचा आहे, कारण त्याने क्रम दाखवला, शस्त्र आधी आलंय, घाव अजून पडायचाय. १६ सप्टेंबरला परत तीच वाट. ६८-६९ अक्षांशाच्या आसपास भोवऱ्याची कड ओलांडली आणि क्लोरीन मोनॉक्साईड एक पीपीबीच्या (हवेच्या शंभर कोटी रेणूंमागे एक) पुढे गेला, म्हणजे आपल्यासारख्या बाहेरच्या भागात त्याच उंचीवर असतो त्याच्या शंभरपटीहून जास्त, आणि त्याच जागी ओझोन निम्म्याहून खाली कोसळला. नुसती कडच नाही, आतले बारीक चढउतारही आरशातल्या प्रतिमेसारखे, एक वर गेला की दुसरा खाली. तो ग्राफ बोर्डावर काढला की वर्ग गप्प होतो. नायट्रस ऑक्साईडही आत कमी निघाला, म्हणजे हवा वरून खाली उतरलेली, खालून वर चढलेली नाही. साध्या वर ढकलण्याची गोष्ट तिथे संपली.

एक दुवा प्रयोगशाळेतून यायचा होता. लुइसा आणि मारिओ मोलिना यांनी दाखवलं की क्लोरीन मोनॉक्साईडचे दोन रेणू थंडीत जोडी करतात, ऊन पडलं की जोडी फुटते, दोन्ही क्लोरीन अणू परत मोकळे होतात आणि पुन्हा ओझोनवर तुटून पडतात. ऑक्सिजन अणूची गरजच नाही. जोडी होण्यासाठी क्लोरीन मोनॉक्साईड भरपूर आणि थंडी कडक हवी, आणि दोन्ही तिथे आहेत. म्हणून मग हे अंटार्क्टिकात होतं आणि पुण्यावर होत नाही. ब्रोमीनच्या वाटेनेही बराच ओझोन जातो, कारण ब्रोमीन प्रमाणाने अगदी कमी असला तरी एकेका अणूमागे क्लोरीनच्या साधारण साठपट घातक आहे.

काय निष्पन्न झालं

तारीख परत बघा, १६ सप्टेंबर १९८७. ईआर-२ भोवऱ्यात शिरलं त्याच दिवशी मॉन्ट्रियलमध्ये २४ देशांनी आणि युरोपीय समुदायाने ओझोन वाचवण्याच्या करारावर सह्या केल्या. सह्या करणाऱ्यांपुढे त्या उड्डाणाचा निकाल नव्हता. निकाल येईपर्यंत थांबू असं म्हणणं सोपं होतं, पण तसं केलं नाही, सीएफसी शतकाच्या अखेरपर्यंत निम्म्यावर आणायचे असं कमी महत्त्वाकांक्षेचं पण लगेच करता येण्यासारखं कलम घेतलं, आणि सोबत एक अट टाकली की विज्ञानाचा ठराविक वर्षांनी आढावा घ्यायचा आणि मर्यादा बदलायच्या. त्या आढाव्याच्या कलमाने पुढे सगळं काम केलं. नुसत्या निम्म्या कपातीने क्लोरीन वाढतच राहिला असता. १९९० ला लंडनमध्ये पूर्ण बंदी ठरली, १९९२ ला कोपनहेगनमध्ये ती विकसित देशांसाठी १९९६ वर आणली. भारत १९९२ मध्ये सामील झाला. मोलिना, रोलंड आणि पॉल क्रुट्झन यांना १९९५ चं नोबेल मिळालं.

भोक लगेच भरलं नाही, भरणारही नव्हतं, सीएफसी-१२ वातावरणात सुमारे शंभर वर्षं टिकतो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय आढाव्याप्रमाणे अंटार्क्टिकावरचा ओझोन १९८० च्या पातळीला २०६६ च्या आसपास येईल. आज माझ्या वर्गात बसलेली पोरं तेव्हा साठीत असतील.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, शंकेची खूण म्हणजे चूक असं धरून चालण्याची घाई. १९८३ चे आकडे एकाच ठिकाणच्या आकड्यांशी ताडले आणि तिथलंच यंत्र चुकीचं निघालं. हॅली, दक्षिण ध्रुव आणि जपानचं श्योवा स्टेशन, तिघांचे आकडे तेव्हाच एका टेबलावर आले असते तर दोन एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला हे लगेच दिसलं असतं. श्योवाचे शिगेरू चुबाची यांनी १९८२ ची घट मोजली होती आणि १९८४ मध्ये ग्रीसमधल्या परिषदेत मांडलीही होती. पण त्यांच्याकडे मोजक्या काळाचे आकडे होते, वर्षानुवर्षांची घसरण नव्हती, त्यामुळे फारसं कोणी थांबून बघितलं नाही. हॅलीला वजन आलं ते २७-२८ वर्षांच्या कंटाळवाण्या नोंदींमुळे.

दुसरं, फार्मनचं थांबणं. दोन-तीन वर्षं गेली असं म्हणता येईल, आणि मला आधी तसंच वाटायचं. पण दुसरं यंत्र आणि दुसरं स्टेशन नसतं तर पेपरवर पहिला सवाल यंत्राचाच आला असता आणि तो खोडून काढायला अजून एक हिवाळा गेला असता. थांबताना आतल्या आत न ठेवता नासाला एक पत्र टाकून तुमच्याकडे काय दिसतंय एवढं विचारलं असतं, तर मात्र दोन्ही बाजूंचा वेळ वाचला असता.

तिसरं, मॅकमर्डोची पत्रकार परिषद. निष्कर्ष पुढे खरा ठरला म्हणून तेव्हाचं बोलणं पूर्ण बरोबर होतं असं होत नाही. "सूर्याचं स्पष्टीकरण आमच्या मोजमापात बसत नाही, क्लोरीनचं बसतं, वाऱ्याचं अजून तपासायचंय" इतकं म्हटलं असतं तरी बातमी मोठीच झाली असती आणि पुंता अरेनासला सगळे एका टीमसारखे गेले असते. दुसऱ्या बाजूने बघायचं तर त्या गाजावाजामुळे दुसऱ्या मोहिमेची निकड सगळ्यांना पटली, हेही नाकारता येत नाही. मी स्वतः यावर अजून दोन्हीकडे झुकतो.

आणि चौथं, हे आजचं आहे. नोंदी चालू ठेवणं. २०१८ मध्ये जमिनीवरच्या नेहमीच्या मोजणीतूनच लक्षात आलं की बंदी असलेला सीएफसी-११ हवेतून हव्या त्या वेगाने कमी होत नाहीये, नंतर पूर्व चीनकडून येणारं उत्सर्जन सापडलं आणि ते खालीही आलं. हॅलीखालच्या बर्फात भेगा पडल्यामुळे २०१७ पासून तिथे हिवाळ्यात माणसं राहत नाहीत. ओझोन मोजायचं काम तिथे आता स्वयंचलित यंत्र करतं, स्टेशनमध्ये कोणी नसताना.